पाच पोत्यांची साक्ष : शेतमाल तपासणीतील नमुन्याचे नियम आणि संगणकीय प्रणाली

डिसेंबरच्या अखेरीस नव्या तुरीची आवक सुरू होते. अकोला, लातूर, कलबुर्गी किंवा नरसिंहपूर असा तूर पिकविणारा कोणताही जिल्हा घेतला, तरी शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामासमोरचे काम साधारण एकाच रीतीने चालते. माल वजनकाट्यावरून येतो, हाताशी असलेल्या चार-पाच पोत्यांत परखी खुपसली जाते, तळहातावर दाणे पसरून पाहिले जातात आणि संगणकावर ‘स्वीकृत’ अशी नोंद होते. शेतकऱ्याला मिळणारा दर, त्यातील कपात आणि मालाची थप्पीतील जागा या सर्व गोष्टी त्या एका नोंदीवर ठरतात. दोन महिन्यांनी तीच थप्पी उघडली की कित्येकदा दाण्यांवर गोल छिद्रे दिसतात आणि पोत्यांवर भुंगेरे फिरताना आढळतात. मग जुनी नोंद काढून पाहिली जाते. ती बिनचूक असते, कारण तपासलेल्या पाच पोत्यांत त्या दिवशी खरोखरच कीड दिसली नव्हती. उरलेल्या ३९५ पोत्यांविषयी ती नोंद फारसे काही सांगतच नव्हती.

गेल्या काही वर्षांत उत्पादक कंपन्या, डाळ मिल, गोदामे आणि निर्यातदार यांनी खरेदी, साठा व हिशेब यांसाठी व्यवसाय-व्यवस्थापनाची संगणकीय प्रणाली, म्हणजेच ईआरपी, वापरण्यास सुरुवात केली आहे. २०२० मध्ये केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतल्यानंतर हा वापर लहान गावांपर्यंत पोहोचू लागला. या प्रणालींत गुणवत्ता तपासणीसाठी स्वतंत्र विभाग असतो. तथापि नमुना किती घ्यावा, कोठून घ्यावा आणि त्यात काय आढळले असता कोणता निर्णय करावा, हे प्रणालीला कोणीतरी आधी सांगावे लागते. बहुतेक ठिकाणी हा रकाना बसवणाऱ्या तंत्रज्ञाने सुचविलेल्या आकड्याने भरला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तसाच राहतो. हा रकाना विचारपूर्वक कसा भरावा, याचा ऊहापोह येथे केला आहे.

लॉट ठरविणे ही पहिली पायरी

नमुना ज्या मालाविषयी साक्ष देतो, त्या मालाला ‘लॉट’ म्हणतात. लॉटची व्याख्या सैल असेल, तर पुढील सर्व गणित व्यर्थ जाते. वीस शेतकऱ्यांची प्रत्येकी वीस पोती एकत्र करून ४०० पोत्यांचा एक लॉट मानला, तर त्यात वीस वेगवेगळे इतिहास एकत्र येतात. कोणी तूर वाळवून ताबडतोब आणलेली असते, कोणी महिनाभर घरातील जुन्या धान्याशेजारी ठेवलेली असते, तर कोणाच्या शेतातच शेंगांवर भुंगेऱ्याने अंडी घातलेली असतात. अशा मिश्र लॉटमधून काढलेला सरासरी आकडा यांपैकी कोणाच्याही मालाचे खरे वर्णन करीत नाही.

म्हणून आवकेच्या वेळी एक शेतकरी, एक वाण, एक मळणी आणि साठवणीची एक जागा मिळून एक लॉट मानणे श्रेयस्कर ठरते. प्रणालीत आवक पावती तयार होताच या लॉटला क्रमांक मिळावा. एसएपीसारख्या मोठ्या प्रणालीत त्याला ‘इन्स्पेक्शन लॉट’ म्हणतात आणि निर्णय होईपर्यंत तो माल विक्रीयोग्य साठ्याबाहेर, ‘तपासणीतील साठा’ म्हणून वेगळा दाखविता येतो. मुंबईत विकसित झालेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालीत वस्तूच्या नोंदीतच ‘खरेदीपूर्वी तपासणी आवश्यक’ अशी खूण करता येते. पुढे अनेक लॉट मिळून एक थप्पी लावली, तरी थप्पीच्या क्रमांकावरून मूळ लॉटपर्यंत मागे जाता आले पाहिजे.

किती पोती तपासावीत?

याबाबत तीन नियम प्रचलित आहेत. पहिला ठरावीक संख्येचा, उदाहरणार्थ ‘प्रत्येक लॉटमधून पाच पोती’. दुसरा टक्केवारीचा, ‘दहा टक्के पोती’. तिसरा वर्गमुळाचा, म्हणजे ४०० पोत्यांतून २०. तिन्ही नियम प्रणालीत सहज बसतात. त्यांतील फरक मात्र एका उदाहरणाने स्पष्ट होतो.

समजा, ४०० पोत्यांच्या लॉटमध्ये ५ टक्के, म्हणजे २० पोती कीडग्रस्त आहेत. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या पोत्यांत त्यांपैकी एकही न येण्याची शक्यता पुढीलप्रमाणे असते :

- ५ पोती तपासल्यास : सुमारे ७७ टक्के
- २० पोती (वर्गमूळ) तपासल्यास : सुमारे ३५ टक्के
- ४० पोती (दहा टक्के) तपासल्यास : ११ ते १२ टक्के
- ५५ पोती तपासल्यास : ५ टक्क्यांहून किंचित कमी

पाच पोत्यांचा नियम चारांपैकी तीन वेळा अशा लॉटला निर्दोष ठरवितो. तपासनिसाचा प्रामाणिकपणा किंवा अनुभव यांमुळे हा आकडा बदलत नाही, कारण न निवडलेल्या पोत्यात काय आहे ते कोणालाही दिसत नसते.

टक्केवारीचा नियम वरवर न्याय्य वाटतो, परंतु त्यातील असमतोल अधिक गंभीर आहे. २० पोत्यांच्या लहान लॉटमध्ये एक पोते कीडग्रस्त असेल, तर दहा टक्क्यांच्या नियमानुसार दोनच पोती तपासली जातात आणि कीड निसटण्याची शक्यता ९० टक्के राहते. २००० पोत्यांच्या लॉटमध्ये त्याच प्रमाणात कीड असेल, तर २०० पोती तपासली जातात आणि ती निसटण्याची शक्यता जवळजवळ शून्य होते. वास्तविक, कीड सापडण्याची शक्यता मुख्यतः नमुन्याच्या प्रत्यक्ष संख्येवर अवलंबून असते. लॉटमधील नमुन्याच्या टक्केवारीला त्यात दुय्यम स्थान आहे. २००० पोत्यांतील ५ टक्के लागण ९५ टक्के खात्रीने शोधण्यासही सुमारे ५८ पोती पुरतात. म्हणजे टक्केवारीच्या नियमाने मोठ्या लॉटवर अनावश्यक श्रम होतात आणि लहान शेतकऱ्यांच्या लॉटमधून गोदामात कीड शिरण्याची वाट मोकळी राहते.

यावरून एक व्यवहार्य मांडणी करता येते. २५ पोत्यांपर्यंतच्या लॉटमध्ये प्रत्येक पोत्यात परखी घालावी. काही मिनिटांचेच ते काम असते. त्याहून मोठ्या लॉटसाठी पोत्यांची संख्या हळूहळू वाढवीत ५५ ते ६० वर स्थिर करावी. प्रणालीत हा नियम ‘लॉटचा आकार – नमुन्याची संख्या’ अशा तक्त्याच्या रूपाने भरता येतो. एसएपीच्या ‘सॅम्पलिंग प्रोसीजर’मध्ये ठरावीक संख्या, टक्केवारी, संपूर्ण तपासणी आणि तक्त्यावर आधारित योजना असे पर्याय असतात, यांतील शेवटचा पर्याय येथे उपयुक्त ठरतो. ज्या प्रणालीत नमुन्याचा आकार हाताने भरावा लागतो, तेथे हा तक्ता छापून वजनकाट्याशेजारी लावावा.

कीड सर्वत्र सारखी पसरलेली नसते

वरील गणितात एक गृहीतक दडलेले आहे : कीडग्रस्त पोत्यात परखी घातली की कीड सापडतेच. प्रत्यक्षात तसे घडत नाही. साठवणीतील कीटक उष्णता, ओलावा आणि आडोसा यांच्या शोधात ठरावीक जागी गोळा होतात. एखाद्या पोत्याच्या कोपऱ्यात शेकडो भुंगेरे असतात आणि मध्यभागी एकही नसतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ एल. आर. टेलर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की प्राण्यांच्या संख्येतील विचरण आणि सरासरी यांचा संबंध एका घातांकाने मांडता येतो. हा घातांक एकाहून मोठा असतो तेव्हा, म्हणजे जीव एकवटून राहत असताना, सरासरी वाढली की विचरण तिच्याहून वेगाने वाढते. साठवणीतील किडींच्या बाबतीत बहुधा हेच आढळते. म्हणून एकाच जागेतून मोठा नमुना घेण्यापेक्षा अनेक जागांतून छोटे छोटे नमुने घेणे अधिक विश्वासार्ह असते. कीडग्रस्त पोत्यातील कीड परखीला निम्म्या वेळाच सापडत असेल, तर तीच खात्री मिळविण्यासाठी पोत्यांची संख्या सुमारे दुप्पट करावी लागते. एकाच पोत्यात वर, मध्ये आणि खाली तिरकी परखी घातल्यास ही उणीव बरीच भरून निघते.

कडधान्यातील भुंगेऱ्याची जीवनकथा आणखी एक अडचण उभी करते. मादी दाण्याच्या पृष्ठभागावर अंडे चिकटविते. अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते आणि अळी व कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पूर्ण होतात. प्रौढ भुंगेरा गोल छिद्र पाडून बाहेर येतो, तेव्हाच लागण डोळ्यांना दिसते. अनुकूल उष्णतेत या प्रवासाला सुमारे चार आठवडे लागतात. लागणीची सुरुवात शेतातील पक्व शेंगांवरच होऊ शकते. त्यामुळे जानेवारीत आलेल्या ताज्या तुरीत ‘जिवंत कीड – शून्य’ ही नोंद खरी असूनही माल कीडमुक्त नसतो.

यासाठी आवकेच्या तपासणीत दोन बाबी जोडाव्यात. पहिली, भिंगाखाली दाण्यांवरील पांढुरकी अंडी मोजणे. दुसरी, प्रत्येक लॉटचा थोडा नमुना झाकणाला बारीक जाळी लावलेल्या बरणीत चार ते पाच आठवडे सामान्य तापमानाला ठेवून भुंगेरे बाहेर पडतात का ते पाहणे. या दुसऱ्या चाचणीचा निकाल उशिरा येतो. म्हणून प्रणालीत तिच्यासाठी स्वतंत्र रकाना आणि निकालाची देय तारीख ठेवावी. तो निकाल येण्यापूर्वी माल थप्पीत गेलेला असला, तरी कोणती थप्पी आधी विकावी आणि कोणतीवर अधिक लक्ष ठेवावे, हे त्यावरून ठरविता येते.

खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या पोत्यांच्या शिवणीत आणि फरशीच्या भेगांत दडून राहतात. तेथे केवळ दाण्यांचा नमुना अपुरा पडतो. पोत्याची शिवण, थप्पीखालच्या लाकडी फळ्या आणि भिंतीचे कोपरे यांची पाहणीही तपासणीच्या यादीत असावी. गोदामात सततच्या देखरेखीसाठी कोइम्बतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेले, धान्यात खुपसून ठेवावयाचे सापळे उपयोगी पडतात.

प्रत्येक गुणधर्माला स्वतंत्र नियम

एकाच लॉटवर ओलावा, काडीकचरा, किडके दाणे आणि जिवंत कीड असे अनेक गुणधर्म तपासले जातात. सर्वांसाठी एकच नमुना-नियम लावणे ही प्रणाली बसविताना होणारी नेहमीची चूक आहे.

ओलावा हा मोजमापाचा गुणधर्म आहे. अनेक पोत्यांतील दाणे एकत्र मिसळून, त्यातून वाटणी करून घेतलेल्या एकत्रित नमुन्यावर तो मोजता येतो. मात्र एखादे पोते भिजलेले असेल, तर ते सरासरीत लपते. म्हणून ओलसर वाटणाऱ्या पोत्याची वेगळी नोंद घ्यावी. शासकीय खरेदीत तुरीसाठी ओलाव्याची कमाल मर्यादा १२ टक्के आहे, परंतु सरासरी ११ टक्के असलेल्या लॉटमधील १६ टक्क्यांचे एक पोते थप्पीत बुरशी आणि कीड या दोहोंना आमंत्रण देते.

जिवंत किडीसाठी नमुने आधी एकत्र करू नयेत. प्रत्येक पोत्याचा नमुना वेगळा चाळून, कोणत्या पोत्यात काय आढळले याची नोंद करावी. येथे स्वीकार-संख्या शून्य ठेवावी, म्हणजे एक जिवंत भुंगेरा आढळला तरी लॉट थेट थप्पीत जाणार नाही. कीड काही आठवड्यांत अनेक पटींनी वाढते. आजचे एक टक्का पुढील महिन्यातही एक टक्काच राहील, असे तिच्या बाबतीत मानता येत नाही.

किडक्या दाण्यांची मोजणी हा शेतकऱ्याच्या पैशांशी थेट निगडित असलेला गुणधर्म आहे, आणि नमुन्याच्या आकाराकडे सर्वाधिक दुर्लक्षही येथेच होते. अनेक केंद्रांवर १०० दाणे मोजून टक्केवारी काढतात. समजा, मर्यादा ४ टक्के आहे आणि शेतकऱ्याच्या मालात प्रत्यक्षात ३ टक्केच किडके दाणे आहेत. १०० दाण्यांच्या मोजणीत हा चांगला माल मर्यादेबाहेर ठरण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. ४०० दाणे मोजल्यास ती सुमारे १० टक्क्यांवर येते आणि १००० दाणे मोजल्यास सुमारे ३ टक्क्यांवर. उलट, मालात ५ टक्के किडके दाणे असतील, तर १०० दाण्यांच्या मोजणीत तो मर्यादेत बसण्याची शक्यता तब्बल ४४ टक्के असते; १००० दाण्यांत ती सुमारे ८ टक्के राहते. शंभर दाण्यांवर केलेली कपात ही बऱ्याच अंशी नशिबाची गोष्ट असते. शेतकऱ्याला ती अन्याय्य वाटते, तेव्हा त्याच्या तक्रारीला गणिताचा आधार असतो. म्हणून पहिल्या २०० दाण्यांत आकडा मर्यादेच्या आसपास आला, तर १००० दाण्यांपर्यंत मोजणी वाढवावी आणि निर्णय एकूण मोजणीवर करावा, असा दोन टप्प्यांचा नियम प्रणालीत ठेवणे हितावह आहे. मर्यादेच्या ‘आसपास’ म्हणजे किती, हेही आकड्यांत लिहून ठेवावे.

भुईमुगातील अफ्लाटॉक्सिन हे याचेच टोकाचे उदाहरण होय. विष थोड्याच दाण्यांत, परंतु मोठ्या प्रमाणात एकवटलेले असते. प्रयोगशाळेचे यंत्र कितीही अचूक असले, तरी नमुन्यात ते मोजके दाणे आले की नाहीत यावरच निकाल ठरतो. म्हणून निर्यातीच्या भुईमुगासाठी अनेक ठिकाणांहून गोळा केलेला, कित्येक किलोंचा नमुना दळून त्याची तपासणी केली जाते.

पोते कोणी आणि कसे निवडावे?

संख्या बरोबर असली, तरी निवड पक्षपाती असेल तर नमुना फसवतो. या विषयाचा भारतीय शेतीतील इतिहास बोधप्रद आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात कृषी अनुसंधान परिषदेत पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक निवडीचा पाया घालून दिला. कापणीचा तुकडा फार लहान असेल, तर कडेवरची झाडे आत धरली जाण्याकडे कल राहतो आणि उत्पादनाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिले. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत काम केलेले वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांचा कृषी कार्यकर्त्यांसाठीचा संख्याशास्त्रीय ग्रंथ परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला आणि देशभरातील कृषी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. पीक कापणी प्रयोगात गट क्रमांक आणि शेतातील तुकडा यादृच्छिक अंकांनी निवडतात, हे विस्तार कार्यकर्त्यांना परिचित आहेच. तीच शिस्त गोदामाच्या दारात लागू करावयाची आहे.

थप्पी लागल्यावर केवळ बाहेरची पोती हाताशी येतात. म्हणून नमुना माल उतरवितानाच घ्यावा. ४०० पोत्यांतून सुमारे ५७ पोती घ्यायची असतील, तर दर सातवे पोते निवडावे आणि सुरुवात १ ते ७ यांपैकी यादृच्छिक अंकाने करावी. हा अंक प्रणालीने आवक पावतीवरच छापावा, जेणेकरून हमाल, तपासनीस किंवा शेतकरी यांपैकी कोणालाही पोते निवडण्याची मुभा राहणार नाही. नमुन्याच्या पिशवीवर शेतकऱ्याचे नाव न लिहिता संकेतांक लिहावा. एकत्रित नमुन्याचे तीन भाग करून एक तपासणीसाठी, एक शेतकऱ्यासाठी आणि एक मोहोरबंद राखीव ठेवावा. वाद उद्भवल्यास राखीव नमुन्याची तपासणी कोणी आणि किती दिवसांत करावी, हेही नियमात नमूद असावे.

सैल आणि कडक तपासणी : सावधगिरी आवश्यक

कारखानदारीत नमुना तपासणीचे नियम मागील निकालांनुसार बदलतात. आयएसओ २८५९-१ या आंतरराष्ट्रीय मानकात आणि त्यावर आधारलेल्या आयएस २५०० या भारतीय मानकात हे नियम दिलेले आहेत. सलग पाच किंवा त्याहून कमी लॉटमध्ये दोन लॉट अस्वीकृत झाले, तर तपासणी कडक होते. कडक तपासणीत सलग पाच लॉट स्वीकृत झाले, तर ती पूर्ववत होते. सातत्याने चांगले निकाल देणाऱ्या पुरवठादाराची तपासणी सैल करता येते. एसएपीमध्ये ‘डायनॅमिक मॉडिफिकेशन’ या सुविधेने हे आपोआप घडते आणि काही लॉट तपासणीविना सोडण्याची सोयही तीत असते.

शेतमालासाठी ही सुविधा जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे. ते मानक एकाच प्रक्रियेतून सतत निघणाऱ्या लॉटच्या मालिकेसाठी रचलेले आहे. शेतकरी वर्षातून एक-दोनदा माल आणतो. त्याचा प्रत्येक लॉट स्वतंत्र असतो. स्वतंत्र लॉटसाठी त्याच मानकमालेत २८५९-२ हा वेगळा भाग आहे. शिवाय गेल्या वर्षी एखाद्याची तूर स्वच्छ होती, यावरून यंदाच्या भुंगेऱ्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. कीड ठरते ती हवामान, मळणीची वेळ, घरात माल किती दिवस राहिला आणि शेजारी जुने धान्य होते का यांवरून. म्हणून जिवंत किडीच्या गुणधर्मासाठी तपासणी वगळण्याची सोय बंद ठेवावी. तपासणी कडक किंवा सौम्य करावयाचीच असेल, तर तिचा संबंध मळणीपासून गेलेल्या दिवसांशी, ओलाव्याशी आणि महिन्याशी जोडावा. मार्चनंतर आलेल्या आणि घरात दोन महिने राहिलेल्या तुरीला आपोआप कडक नियम लागावा. काडीकचऱ्यासारख्या, शेतकऱ्याच्या मळणीच्या पद्धतीशी निगडित गुणधर्मासाठी मात्र मागील निकालांचा आधार घेण्यास हरकत नाही.

स्वीकारानंतरची तपासणीही तितकीच महत्त्वाची आहे. एसएपीमध्ये आवकेच्या तपासणीचा प्रकार ०१ असतो आणि साठ्यातील मालाच्या नियतकालिक तपासणीसाठी ०९ हा वेगळा प्रकार असतो. भुंगेऱ्याची एक पिढी चार आठवड्यांत पूर्ण होत असल्याने साठ्याची तपासणी दर पंधरवड्याला व्हावी. धान्य गोदामांतील रूढ पद्धतही हीच आहे. हा कालावधी प्रणालीत एकदा भरला की देय तारखेची सूचना गोदामपालास मिळत राहते.

दोन जोखमी, एकच धनी

नमुना तपासणीत दोन प्रकारच्या चुका अटळ असतात. चांगला माल नाकारला जाणे ही उत्पादकाची जोखीम, आणि वाईट माल स्वीकारला जाणे ही ग्राहकाची जोखीम. नमुना वाढविल्याने दोन्ही कमी होतात. मर्यादा सरकविल्याने मात्र एक कमी होते व दुसरी वाढते. सर्वसाधारण व्यापारात विकणारा आणि घेणारा वेगळे असल्याने प्रत्येक जण आपली जोखीम दुसऱ्याकडे ढकलू पाहतो.

शेतकरी उत्पादक कंपनीत परिस्थिती वेगळी असते. माल आणणारा शेतकरी कंपनीचा भागधारकही असतो. त्याचा चांगला माल चुकून नाकारला गेला, तर त्याच्या खिशातून पैसे जातात. शेजाऱ्याचा कीडग्रस्त माल चुकून स्वीकारला गेला, तर थप्पी बिघडते आणि त्या नुकसानीतही त्याचा वाटा असतो. दोन्ही चुकांचे मूल्य शेवटी तेच सभासद मोजतात. त्यामुळे या दोन जोखमी किती असाव्यात, हे संगणक तंत्रज्ञाने किंवा व्यवस्थापकाने परस्पर ठरविण्याऐवजी सभासदांच्या बैठकीत आकडे समोर ठेवून ठरविणे उचित होय. ‘पाच पोती पाहिली तर चार लॉटपैकी तीन निसटतात, पंचावन्न पाहिली तर वीसपैकी एक’ हे विधान कोणत्याही शेतकऱ्याला समजते. हमालीचा वाढीव खर्च आणि थप्पी बिघडल्याचा तोटा यांची तुलना तो स्वतः करू शकतो.

निर्णयाचे पर्यायही ‘स्वीकृत’ आणि ‘अस्वीकृत’ एवढेच नसावेत. जिवंत कीड आढळलेल्या लॉटसाठी ‘प्रक्रियेनंतर स्वीकृत’ हा तिसरा पर्याय प्रणालीत ठेवावा. असा माल वेगळ्या जागी उतरवून चाळावा, वाळवावा आणि आवश्यकतेनुसार प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीकडून हवाबंद आच्छादनाखाली धुरीकरण करून घ्यावे. नंतर पुन्हा नमुना घेऊन निर्णय करावा. नकार मिळालेला कीडग्रस्त माल गावातील घरातच परत जातो आणि तेथील उरलेल्या धान्यात कीड पसरवितो, हेही विसरता कामा नये.

हंगामापूर्वी करावयाची कामे

- लॉटची व्याख्या लेखी ठरवून ती आवक पावतीशी जोडावी.
- प्रत्येक गुणधर्मासाठी नमुन्याचा आकार, स्वीकार-संख्या आणि निर्णयाचे पर्याय स्वतंत्रपणे भरावेत.
- टक्केवारीचा सरसकट नियम काढून लॉटच्या आकाराप्रमाणे तक्ता वापरावा. लहान लॉटमधील सर्व पोती तपासावीत.
- पोत्यांचा सुरुवातीचा यादृच्छिक अंक प्रणालीकडूनच यावा.
- जिवंत किडीसाठी तपासणी वगळण्याची सोय बंद असल्याची खात्री करावी.
- अंडी मोजणी, बरणीतील चाचणी आणि पंधरवड्याची साठा-तपासणी यांच्या देय तारखा भराव्यात.
- किती पोती तपासली, त्यांपैकी कितींत कीड आढळली आणि नमुना कोणी घेतला, हे तिन्ही रकाने भरल्याशिवाय निर्णयाची नोंद पूर्ण होऊ नये.

शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. ‘कीड नाही’ एवढीच नोंद ठेवण्याऐवजी ‘५५ पोत्यांत कीड आढळली नाही’ अशी नोंद ठेवली, तर ती वाचणाऱ्यास तिचे वजन कळते. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील उत्पादक कंपन्यांच्या प्रणालीत नमुन्याच्या रकान्यात आज कोणता आकडा आहे आणि तो कोणी भरला, एवढे दोन प्रश्न तुरीची आवक सुरू होण्यापूर्वी विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर सभासदांची बैठक बोलावण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.